डू ॲज डायरेक्टेड

आमच्या एफवायच्या कंपल्सरी इंग्लिशला 'इफेक्टिव्ह कम्युनिकेशन', 'ग्रुप डिस्कशन' आणि 'इंटरव्ह्यू स्किल्स' असे तीन भारदस्त घटक आहेत. ज्या कुणी ते बसवले, त्यांचा मुलांवर माझ्यापेक्षा जास्त विश्वास असणार. मी टीचिंग प्लॅनमध्ये 'ग्रुप डिस्कशन' असं लिहिते, वर्गात जाते आणि फळ्यावर 'आय ॲम, यू आर, ही इज' काढते. त्यावर मुलांची चर्चा होतेच, शिवाय ती घोळक्यानेच होते, त्यामुळे प्लॅन अगदीच खोटा ठरत नाही.

कॉलेज सांगली जिल्ह्याच्या दुष्काळी पट्ट्यातलं. आजूबाजूला डाळिंबाच्या बागा, शेळ्यामेंढ्या, आणि दर दोन-चार घरांआड एखादा माणूस गलाईच्या, म्हणजे सोनंचांदी आटवण्याच्या, धंद्यासाठी देशाच्या कुठल्या तरी टोकाला गेलेला. मी इथे सीएचबीवर आहे. म्हणजे घड्याळी तासावर पैसे. तास झाला तर मिळणार, नाही झाला तर नाही. मुलांनी वर्गात बसावं ही माझी तळमळ त्यामुळे शैक्षणिक आहे, तशी आर्थिकही. मुलांना हे ठाऊक आहे. "मॅडम, आम्ही बसतो, पण ग्रामर नको," अशी तडजोड ती मला अधूनमधून सुचवतात.

राज्यात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. त्याआधी ती पाचवीपासून असायची. म्हणजे माझ्यासमोर बसलेल्या प्रत्येकाने बारावीपर्यंत एक अख्खं तप इंग्रजी केलेली आहे. एवढ्या तपात ऋषींना वर मिळायचे. इथे 'ही'नंतरच्या क्रियापदाला एक 'एस' मिळालेला नाही.

"ही गो टू कॉलेज," असं एकाने लिहिलं होतं. मी म्हटलं, "अरे, ही एकटा आहे ना? मग गोज. एस लागतो."

त्याने माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "मॅडम, एकटाच हाय म्हणून तर लावला न्हाई. एस म्हणजे लई जण. बॉय एक, बॉइज लई. तुमीच शिकवलं."

मीच शिकवलं होतं. आधल्याच दिवशी. नाम अनेक झालं की 'एस' घेतं आणि क्रियापद माणूस एकटा असला की 'एस' घेतं, असला उरफाटा कायदा ज्या भाषेने केला, तिने तो कुणाला विचारून केला, हा प्रश्न त्याने उघड विचारला नाही एवढाच त्याचा चांगुलपणा.

'डिड'चंही तसंच. 'ही डिड नॉट वेंट' हे वाक्य मी इतक्या वह्यांमध्ये पाहिलं आहे, की आता तेच कानाला गोड लागायला लागेल की काय अशी भीती वाटते. पण त्यामागे वेंधळेपणा नाही, सरळ हिशेब आहे. 'ती गेली होती' म्हणताना आपल्याकडे 'गेली' आणि 'होती' दोन्ही तिच्यासाठी बदलतात. कुणी अंग काढून घेत नाही. इंग्रजीत भूतकाळाचं सगळं ओझं 'डिड'च्या डोक्यावर, आणि 'गो' हात हलवत मोकळा. एकत्र कुटुंबात वाढलेल्या मुलांना हे पटत नाही.

आर्टिकल्सबद्दल बोलतच नाही. मराठीत ती नाहीत आणि त्यावाचून आपलं काही अडलेलं नाही, हे वर्गाचं मत मला अजून खोडता आलेलं नाही. मुलं सगळं उत्तर लिहून झालं की वरून कोथिंबीर भुरभुरावी तसे चार 'द' टाकतात.

पण या मुलांना काही येत नाही असं म्हणणाऱ्याशी मी भांडेन. फळ्यावर लिहा: 'ॲज सून ॲज द बेल रँग, द बॉइज रॅन आउट.' आणि सांगा, 'नो सूनर... दॅन' वापरा. मागच्या बाकावरून, मोबाइलमधून मान वर न काढता उत्तर येतं: "नो सूनर डिड द बेल रिंग दॅन द बॉइज रॅन आउट." 'डिड' बरोबर, 'रिंग' बरोबर, 'दॅन'सुद्धा जागच्या जागी. एकदा हे उत्तर देऊन होतंय तोवर खरोखरच घंटा झाली. उत्तर देणारा दप्तर उचलून दारापर्यंत गेला, मॅनर्स आठवले म्हणून थांबला आणि म्हणाला, "मॅडम, मे आय कम आउट?"

ही सगळी 'डू ॲज डायरेक्टेड'ची करणी आहे. दहावी-बारावीच्या पेपरात या नावाने जे प्रश्न येतात, त्यांच्यावर ही पिढी पोसली आहे. 'टू' काढा, 'अनलेस' घाला, क्वेश्चन टॅग लावा, व्हॉइस बदला. दुसऱ्याचं वाक्य हातात आलं की ही मुलं त्याचे नटबोल्ट झटक्यात इकडचे तिकडे करतात. फक्त त्या वाक्यात काय चाललंय याच्याशी त्यांचं काही देणंघेणं नसतं. 'द टायगर किल्ड द डिअर' दिलं. सगळ्या वर्गाने बिनचूक पॅसिव्ह केलं. मी विचारलं, "आता सांगा, मेलं कोण?"

वर्ग शांत. एक-दोघांनी वही उलटीपालटी केली. शेवटी खिडकीजवळची एक मुलगी धीर करून म्हणाली, "मॅडम, ते पेपरात विचारत न्हाईत."

स्वतःचं वाक्य करायची वेळ त्यांच्यावर फक्त रजेच्या अर्जात येते. तोही पाठ असतो. 'विथ ड्यू रिस्पेक्ट, आय बेग टू स्टेट दॅट आय ॲम सफरिंग फ्रॉम फीवर' इथपर्यंत अर्ज शाळेतच तयार होऊन आलेला असतो. अडचण एवढीच, की खऱ्या आयुष्यात दर वेळी ताप येत नाही. मग 'फीवर' खोडायचं आणि तिथे जे असेल ते लिहायचं. त्या हिशेबाने आमच्या कॉलेजात मुलं बहिणीच्या लग्नाने आजारी आहेत, गावच्या जत्रेने आजारी आहेत, आणि एकजण तर चक्क 'पोलीस भरती'ने आजारी होता. हे शेवटचं निदान मात्र अचूक होतं, त्याची तब्येत मी पाहिली आहे.

गेल्या पावसाळ्यात एक अर्ज आला: 'आय ॲम सफरिंग फ्रॉम तेल्या.' तेल्या हा डाळिंबावरचा रोग. फळावर तेलकट काळे डाग पडतात, फळ तडकतं, बागच्या बाग हातची जाते. पोराला फवारणीसाठी घरी राहायचं होतं. मी लाल पेन उचललं आणि पुन्हा ठेवलं. घरात बाग बसलेली असताना सगळं घर आजारीच असतं. या वाक्यात व्याकरणाची चूक शोधायची तर सापडत नव्हती, आणि खोटं तर त्यात काहीच नव्हतं. मी सही केली. प्राचार्यांनी मला बोलावून विचारलं, "हा साथीचा आहे का? बाकीच्या मुलांचं काय?" ते शहरातून आलेले आहेत.

पूर्णविराम हा वेगळाच छळ. मोडी लिहिणारे आपले पूर्वज आधी रेघ ओढायचे आणि मग तिला अक्षरं लटकावत जायचे. शब्दाशब्दांत जागा नाही, कसलं चिन्ह नाही. मग मेजर थॉमस कँडी नावाचे साहेब आले आणि १८५० मध्ये त्यांनी विरामचिन्हांची परिभाषाच मराठीत छापून दिली. त्याला पावणेदोनशे वर्षं झाली. माझ्या वर्गात तिसऱ्या बाकावर बसणाऱ्या मुलीपर्यंत कँडीसाहेब अजून पोचलेले नाहीत. 'माय मदर' या विषयावर तिने दीड पान लिहिलं, आणि ते एकच वाक्य होतं. माय मदर गेट अप ॲट फाइव्ह अँड शी मिल्क द गोट अँड शी फिल द वॉटर अँड शी मेक द भाकरी अँड शी गो टू अदर पीपल फार्म अँड... असं रात्री भांडी घासण्यापर्यंत.

मी म्हटलं, "अगं, मधे कुठे तरी थांबायला नको का?"

"मॅडम," ती म्हणाली, "आई थांबतच न्हाई."

पूर्णविराम मी माझ्या बोलण्याला दिला.

मध्यंतरी मोबाइलमधल्या हुशार ॲपचा जमाना आला आणि निबंध एकाएकी सुंदर झाले. 'मोरओव्हर' आणि 'नेव्हरदलेस' आमच्या पट्ट्यात पावसापेक्षा जास्त पडायला लागले. 'माय व्हिलेज' या निबंधात एकाने लिहिलं होतं की थंडीत त्याच्या गावाच्या उतरत्या छपरांवर मऊ बर्फ साचतो आणि म्हातारी माणसं शेकोटीशी बसून गतकाळाच्या आठवणी काढतात. त्याचं गाव मला माहीत आहे. तिथे जानेवारीपासून टँकरची चौकशी सुरू होते.

"का रे, तुझ्या गावात बर्फ कुठे पडतो?"

तो जराही चाचरला नाही. "गोळेवाल्याकडं, मॅडम."

यावर उपाय म्हणून मी एक फतवा काढला. रोज प्रत्येकाने एक वाक्य सांगायचं. स्वतःचं. आज, इथे, स्वतःच्या बाबतीत घडलेलं. चुकलं तरी चालेल, पण गाइडातलं, मोबाइलमधलं, शेजाऱ्याचं नको. पहिल्या दिवशी वर्गात इतकी शांतता पसरली, की बाहेरून जाणाऱ्या शिपायाला वाटलं, परीक्षा चालू आहे. मग एकजण उठला. "द सन राइजेस इन द ईस्ट." मी म्हटलं, हे तुझ्या बाबतीत कुठे घडलं? तो म्हणाला, "मॅडम, आमचं दार पूर्वेलाच हाय."

हळूहळू मात्र वाक्यं यायला लागली. मोडकी, उलटी, क्रियापद आपलं मराठीसारखं शेवटी जाऊन बसलेलं, पण ज्याची त्याची. 'माय एसटी टुडे नॉट केम.' 'माय बोकड सोल्ड, आय क्राय, माय फादर ऑल्सो बट ही टेल डस्ट.' (हे मला दोनदा वाचावं लागलं. डोळ्यांत धूळ गेली असं वडील म्हणाले, असा त्याचा अर्थ.)

यात सगळ्यात पुढे होता तो गलाईवाल्यांच्या घरातला एक मुलगा. वडिलांचं सोन्याचांदी आटणीचं दुकान कोइमतूरला. उन्हाळ्याच्या सुट्टीत हा तिथे गल्ल्यावर बसतो, त्यामुळे फर्डा तमिळ बोलतो. मी एकदा विचारलं, तमिळ व्याकरण कुणी शिकवलं? "त्याला व्याकरण असतंय?" त्याने विचारलं. गिऱ्हाईक समोर उभं असलं की बोलावंच लागतं, न बोललं तर ते शेजारच्या दुकानात जातं, एवढाच त्याचा अभ्यासक्रम. मी ही पद्धत विभागाच्या बैठकीत मांडून पाहिली. तिला लर्निंग आउटकम लिहिता येत नाही म्हणून ती बारगळली.

इंटर्नलचे पेपर वाटले त्या दिवशी हाच मुलगा स्टाफरूमच्या दारात येऊन उभा राहिला. हातात पेपर, कान लाल.

"मॅडम, यू गिव्ह मी फोर मार्क."

"यू गेव्ह मी," मी सवयीने म्हटलं.

"यू गेव्ह मी फोर मार्क. आय रोट फुल पेज. माय शॉप, माय फादर, माय ओन. माय फ्रेंड रोट फ्रॉम गाइड. सेम टू सेम. यू गेव्ह हिम सेव्हन. व्हाय?"

स्टाफरूममधले चहाचे कप जागच्या जागी थांबले. मी त्याला मराठीत समजावू लागले, की गुण द्यायची एक योजना असते, त्यात व्याकरणाला इतके, मांडणीला इतके, आणि गाइडवाल्याचं व्याकरण शुद्ध होतं, कारण ते त्याचं नव्हतंच...

"नो मॅडम. इन इंग्लिश. क्लासमध्ये तुमी मराठी बोललं की ओरडता."

मग इंग्रजीत सांगितलं. त्याने नीट ऐकून घेतलं, मान हलवली, पण हलला नाही. शेवटी मी म्हटलं, हेच उद्या परत लिहून आण, मी पुन्हा तपासते.

"हाऊ मेनी मार्क्स?"

"फर्स्ट राइट."

"नो मॅडम. फर्स्ट यू टेल रेट. देन आय राइट."

"फाइव्ह."

"सेव्हन, मॅडम. ओन मटेरियल."

"गेव्ह आणि गिव्ह नीट लिहिलंस तर सिक्स."

तो दारात उभा राहून छताकडे बघत मनातल्या मनात हिशेब करत राहिला. शेजारच्या टेबलावरचे अर्थशास्त्राचे सर पेपर तपासायचे सोडून आमच्याकडे बघत होते. साडेसहावर सौदा पटला.