रात्रभर झोपून जखमा भरत नाहीत, आमच्या खेळातही नाहीत

बुधवारी रात्री ताईचा फोन आला. "या रविवारी त्याला पाठवत नाही गं तुझ्याकडे." कारण विचारलं तर म्हणाली, "मेसेज पाठवलाय, वाच." माझा भाचा आठवीत आहे. गेलं वर्षभर दर रविवारी तो सहकारनगरहून कर्वेनगरला माझ्याकडे येतो आणि आणखी चार मुलांबरोबर 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' खेळतो. यात प्रत्येकजण एक पात्र घेतो, आणि फासे टाकत सगळे मिळून एक गोष्ट खेळतात. डीएम मी असते, म्हणजे गोष्ट पुढे नेणारी आणि नियम बघणारी. 'पालकांनो, वेळीच जागे व्हा' असं मथळ्यात ओरडणारा तो मेसेज ताईला सोसायटीच्या, शाळेच्या आणि आमच्या माहेरच्या अशा तीन ग्रुपवर आला होता.

त्यात काय आहे? या खेळात तलवारीचे वीस घाव बसले तरी माणूस मरत नाही. रात्रभर झोपला की सगळ्या जखमा भरतात. बेशुद्ध पडलेल्याच्या तोंडात औषध ओतलं की तो उठून लढायला लागतो. मेलेलाही जिवंत होतो, ही परकी संस्कृती. त्यामुळे मुलांची जखमेची आणि मरणाची भीती जाते, ती स्वतःला इजा करून घेतात, आणि म्हणूनच अमेरिकेत या खेळावर बंदी आहे. शेवटी सल्ला: त्यापेक्षा मुलांना घरगुती उपाय शिकवा, रक्त आलं की हळद भरा, चक्कर येऊन पडलेल्याच्या तोंडात पाणी घाला.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. जखम भरायला किती दिवस लागतात ते रोज बघते. म्हणून हे वाचून गप्प बसवलं नाही.

आधी ते वीस घाव. लिहिणाऱ्याने हिट पॉइंटचा, म्हणजे वार बसला की कमी होणारा पात्राचा आकडा बघितला आणि तो आकडा म्हणजे अंगातलं रक्त असं धरून चालला. हा खेळ १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी काढला, आणि ही शंका तेव्हापासूनची आहे. गायगॅक्स यांनी १९७९ च्या 'डंजन मास्टर्स गाइड'मध्ये तिला सविस्तर उत्तर दिलंय. लेव्हल, म्हणजे पात्राच्या अनुभवाची पायरी, वाढली म्हणून शरीर जास्त घाव सोसतं असं समजणं चूक आहे, असं ते स्पष्ट लिहितात. उदाहरण घेतात दहाव्या लेव्हलच्या, सरासरी ९५ हिट पॉइंट असलेल्या दणकट लढवय्याचं. नवख्याच्या काळजातून आरपार गेली असती ती तलवार याला नुसती चाटून जाते. कारण त्याचं कसब, नशीब आणि ऐनवेळी अंग चुकवायला लावणारी जाणीव. हिट पॉइंट कमी होतात ते हे सगळं खर्च होतं म्हणून. शेवटचे काही पॉइंट उरतात ते अंगावरच्या घावाचे.

आणि आपल्याला हे कळायला गायगॅक्स कशाला हवेत? १६६० साली बाजीप्रभू घोडखिंडीत घायाळ होऊनही तोफांचे आवाज येईपर्यंत लढत राहिले, ही गोष्ट आपण पोरांना पहिली-दुसरीपासून सांगतो. ती ऐकून मुलं जखमेला घाबरेनाशी होतील असं कधी कुणाला वाटलं नाही.

भीती जाते म्हणणाऱ्याने आमच्याकडे एकदा येऊन बसावं. जुलैत भाच्याचा लढवय्या भैरू एका गुहेत शून्य हिट पॉइंटवर आला. शून्यावर आलेल्याला काहीच करता येत नाही. आपली पाळी आली की वीस बाजूंचा फासा टाकायचा, दहा किंवा वर आलं तर एक खूण जगण्याची, खाली आलं तर एक मरणाची. ज्या खुणा आधी तीन होतील ते खरं. पहिला फासा सात. दुसरा चौदा. तिसरा फासा चटईवरून घरंगळत दिवाणाखाली गेला, पाचही जण पोटावर पडून बघायला लागले. तीन आला होता. दोन खुणा मरणाच्या. भाच्याचे कान लाल झाले होते. क्लेरिक, म्हणजे जखमा बऱ्या करणारी पुजारीण, खेळणारी मुलगी दोन दालनं पलीकडे होती, समोरच्या राक्षसाला लोळवायची संधी तिच्या हातात होती. तिने ती सोडली आणि त्याच्या तावडीतून पळत, वार अंगावर घेत भैरूपर्यंत पोचली. पडलेल्याला वाचवायला कुणीतरी आपली पाळी खर्च करावी लागते, हा नियम मुलांना न सांगता कळतो.

आता झोपेचा मुद्दा. इथे मला थोडं मान्य करावं लागेल. २०१४ च्या नियमांत आठ तासांची विश्रांती झाली की सगळे हिट पॉइंट परत मिळतात, आणि तो नियम मला आवडत नाही. पण १९७९ च्या नियमांत दिवसाला एकच पॉइंट भरायचा, शून्यावरून परतलेल्याला किमान आठवडाभर पडून राहावं लागायचं. २०१४ च्याच डीएमच्या पुस्तकात सात दिवसांच्या विश्रांतीचा पर्याय छापलेला आहे, कायमच्या दुखापतींचा तक्ताही आहे. आम्ही सात दिवसांचाच नियम पाळतो. 'कॉल ऑफ कथुलू'सारख्या खेळात तर मोठा घाव बसला की बरं व्हायला आठवडे जातात. शिवाय भाचा मागच्या वर्षी तळजाईच्या उतारावर सायकलवरून पडला, मनगट सहा आठवडे प्लास्टरमध्ये होतं. हाड कसं जुळतं ते त्याला माहीत आहे.

तोंडात औषध ओतायचं म्हणाल, तर तेही नियमांत आहे, नाकारत नाही. आमच्याकडे मी तो बदललाय: बेशुद्ध माणसाला काहीही पाजायचं नाही, खेळातसुद्धा. आणि ज्या मेसेजने यावर बोट ठेवलं तोच शेवटी पालकांना सांगतो की तोंडात पाणी घाला! बेशुद्ध माणसाला गिळता येत नाही. पाणी श्वासनलिकेत जाऊन तो गुदमरू शकतो. श्वास चालू असेल तर त्याला कुशीवर वळवा, १०८ ला फोन करा, श्वासाकडे लक्ष ठेवा. श्वास नसेल तर छातीवर दाब द्यायला लागा. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा. खोल जखमेत हळद भरली तर डॉक्टरांना आधी ती धुवावी लागते. हा मेसेज तीन ग्रुपवर फिरतोय. त्यातली ही एक ओळ वाचून कुणी रस्त्यात पडलेल्या माणसाच्या तोंडाला बाटली लावली तर काय होईल?

मेलेला जिवंत होतो म्हणून परकी संस्कृती? शुक्राचार्यांची संजीवनी विद्या आणि कच कुठले? खेळात त्यासाठी पाचशे मोहरांचा हिरा लागतो, आणि परत आलेला माणूस पुढचे काही दिवस प्रत्येक फाशाला कमी पडतो.

अमेरिकेत बंदी नाही. १९८२ मध्ये पॅट्रिशिया पुलिंग या आईचा मुलगा गेला, तिने खेळाला दोष देत संघटना काढली. तिचं दुःख खरं होतं. पण १९९० साली खेळ लिहिणारे मायकेल स्टॅकपोल यांनी तिचे दावे एकेक करून तपासले आणि ते टिकले नाहीत. मूल गप्प गप्प राहत असेल, स्वतःला इजा करत असेल, तर त्याच्याशी बोला, डॉक्टरांकडे न्या. फासे लपवून ते थांबणार नाही.

ताई, रविवारी तूही ये. भैरू अजून गावातल्या वैद्याच्या ओसरीवर पडून आहे. खेळातल्या सात दिवसांतले चार झालेत, आणि बाकीचे चौघे त्याला सोडून पुढे निघायला तयार नाहीत.