एकशेदहाखालचा आकडा आणि जिभेखालचं मीठ

महिन्याभरात एकच मेसेज मला चौघांनी पाठवला. खानापूरच्या वैनी, निपाणीचा भाचा, आणि शहापुरातले दोघे शेजारी. मजकूर थोडक्यात असा: ‘बीपी 110 च्या खाली गेलं की ते लो. लो बीपी हायपेक्षा घातक, माणूस झोपेतच जातो. चक्कर आली की जिभेखाली मीठ ठेवा, कडक कॉफी पाजा, सलाईन लावून घ्या. बीपीची गोळी त्याच दिवशी बंद करा.’ वॉर्डात सिस्टर म्हणून माझी निम्मी हयात गेली. एकेक मुद्दा घेऊनच बोलते.

‘110 च्या खाली म्हणजे लो.’ नाही. साधारण 90/60 च्या खाली गेलं तर डॉक्टर लो म्हणतात, आणि तेव्हाही आधी माणसाकडं बघतात, मग आकड्याकडं. आमच्या गल्लीतल्या एका आक्कांचं बीपी कित्येक वर्षं 96/60 आहे. पहाटे उठून दोन म्हशींची धार काढतात, वर माझ्याशी भांडायलाही दम उरतो. तो त्यांचा नेहमीचा आकडा आहे, आजार नव्हे. गरोदर बाईचं पाचव्या-सहाव्या महिन्यात थोडं उतरतं, तेही चालायचंच. शिवाय बारीक दंडाला मोठा पट्टा गुंडाळला तर मशीन कमी आकडा दाखवतं. म्हणून घाबरण्याआधी पाच मिनिटं बसून पुन्हा मोजा.

‘हायपेक्षा घातक.’ ही तुलनाच चुकीची. हाय बीपी वर्षानुवर्षं गपचूप हृदय, किडनी, मेंदू पोखरतं. कायमचं थोडं कमी असलेलं बीपी असं काही करत नाही. जीव घेतं ते अचानक पडलेलं बीपी, आणि त्यामागं काहीतरी कारण असतं: रक्तस्राव, जोराचे जुलाब-उलट्या, अंगात पसरलेलं इन्फेक्शन, हार्ट ॲटॅक, इंजेक्शनची किंवा गांधीलमाशीची ॲलर्जी, खानापूरकडं घोणसाचा दंश. मेसेजमध्ये यातलं एकही नाव नाही, याचाच मला जास्त राग आला.

आकडा कसा फसवतो तेही ऐका. ज्या आजोबांचं नेहमी 150 असतं, त्यांना दिवसभर जुलाब होऊन 105 झालं, तर मेसेजच्या हिशेबानंही ते जेमतेमच लो. प्रत्यक्षात त्यांचं तब्बल 45 नं उतरलंय, धावपळ तिथं हवी. डेंग्यूत तर ताप उतरला की घरचे निवांत होतात, आणि नेमके तेच एक-दोन दिवस धोक्याचे असतात. बीपी 100/85 येतं. वरचा आकडा बरा दिसतो, पण दोन आकड्यांतला फरक उरलाय फक्त 15. तो 20 किंवा त्याहून कमी झाला की रक्ताभिसरण ढासळतंय. जोडीला पोट जोरात दुखत असेल, उलट्या थांबत नसतील, हातपाय गार पडले असतील, तर वाट बघू नका.

‘चक्कर म्हणजे लो बीपी.’ इथं आपल्या भाषेचाच घोटाळा आहे. मराठीत चक्कर, कन्नडमध्ये तले सुत्तु. दोन्हीत डोकं फिरतं, आणि दोन्हीवरून डॉक्टरला काही कळत नाही. उठल्यावर डोळ्यांपुढं अंधारी आली तर बीपीचा संशय घ्यावा. घर गरगर फिरतंय, कूस बदलली की जास्त, तर ते बहुधा कानाचं. डायबेटिसची गोळी घेणाऱ्याला दरदरून घाम, थरथर आणि भूक, तर साखर उतरलीय. त्याला गूळ-साखर हवी, मीठ देऊन काय होणार? रक्त कमी असणं म्हणजे हिमोग्लोबिन कमी. तेही बीपी नव्हे. त्यामुळं ‘तले सुत्तु’ एवढंच सांगून थांबू नका. अंधारी आली की घर फिरलं, ते सांगा.

अंधारी उठल्यावरच येते का, ते घरी तपासता येतं. पाच मिनिटं आडवं पडून बीपी मोजा, मग उभं राहून एक आणि तीन मिनिटांनी. वरचा आकडा 20 नं किंवा खालचा 10 नं उतरला तर ती नोंद डॉक्टरला दाखवा. दिवसभर मांडी घालून विड्या वळणाऱ्या निपाणीच्या बायकांनी झटकन उठूच नये; आधी पाय हलवावेत.

‘मीठ, कॉफी, सलाईन.’ सौंदत्तीला यल्लम्माच्या रांगेत बाई कोसळली की चौघं तिला काखेत धरून उभी करतात. अगदी उलटं. आडवी करा, पाय वर उचला, हवा येऊ द्या. दिवस भरत आलेली असेल तर डाव्या कुशीवर. शुद्ध नसताना तोंडात मीठ, पाणी, कॉफी काहीच घालू नका, श्वासनलिकेत जातं. शुद्धीवर आली आणि उन्हानं किंवा जुलाबानं पाणी कमी झालं असेल तर ओआरएस घोटघोट द्या. सलाईनच्या 500 मिलीच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असतं, ग्लुकोजच्या तेवढ्याच बाटलीत 25 ग्रॅम साखर. पोटात टिकत असेल तर हे तोंडानंही जातं. ज्याचं हृदय किंवा किडनी अधू, त्याला जिभेखालचं मीठ आणि उगाच लावलेली बाटली दोन्ही महागात पडतात.

आणि ती छातीत दुखलं की जिभेखाली ठेवायची गोळी? तिनं बीपी आणखी उतरतं. चक्कर आली म्हणून शेजाऱ्याच्या खिशातली घेऊ नका.

घाम सुटून अंग गार पडलंय, नाडी बारीक आणि जलद, श्वास फुललाय, माणूस बरळतोय किंवा लघवीच होत नाही, तर मशीनचा आकडा काहीही असो, ॲम्ब्युलन्सला 108 वर फोन लावा.

‘गोळी बंद करा.’ काही गोळ्या एकदम सोडल्या तर बीपी उसळी मारतं. शेजारचे अण्णा रात्री लघवीला उठताना दोनदा पडले. मेसेज वाचून त्यांनी बीपीची गोळी सोडली, तरी तिसऱ्यांदा पडलेच. दोष निघाला प्रोस्टेटच्या गोळीचा, तीही बीपी उतरवते. डॉक्टरांनी ती बदलली, बीपीची पुन्हा चालू केली. आता अण्णा पलंगाच्या काठावर दोन मिनिटं बसतात, मग उठतात.