मेक बदला, पण टेंडर उघडायच्या आधी

सरकारी कामात ब्रँड, आमच्या भाषेत मेक, बदलायला माझा विरोध नाही. बदलायचा तर टेंडर भरायच्या आधी बदला, सगळ्यांना सांगून बदला. वर्क ऑर्डर निघाल्यावर डेप्युटी इंजिनिअरच्या केबिनमध्ये चहा पिता पिता जो बदल होतो, त्याच्यावर माझा राग आहे. मी कंत्राटदार, बी-१ प्रकारच्या टेंडरची छोटी-मोठी कामं करतो, त्यामुळे पोस्ट जरा तापलेली वाटली तर सांभाळून घ्या.

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी: टेंडरला मागे एक मेक लिस्ट जोडलेली असते. टाइल्स या चार कंपन्यांच्या, वायर या तीन, नळ या दोन. आणि खाली एक शेपूट, ‘किंवा समतुल्य, प्रभारी अभियंत्याच्या मान्यतेने’. हे शेपूट हवंच. ते नसेल तर यादीतल्या कंपन्यांचे डीलर आपल्याला नाचवतात. केंद्राच्या जनरल फायनान्शियल रूल्स २०१७ मधला नियम १४४ तर त्याही पुढे जातो: वस्तूचं वर्णन शक्य तितकं तिच्या कामावरून, मोजता येईल असं करा, विशिष्ट ट्रेडमार्क किंवा ब्रँड मागू नका. तो नियम राज्याच्या कामांना थेट लागत नाही हे मलाही माहीत आहे. पण त्यातलं शहाणपण उसनं घ्यायला कोणाची हरकत असावी?

आता गंमत बघा. धरा, शाळेची इमारत आहे, अंदाजपत्रक २ कोटी ४० लाख. फरशी हजार चौरस मीटर. लिस्टमधली टाइल बाजारात ८०० रुपये चौरस मीटर, आणि ‘समतुल्य’ म्हणून जी शेवटी लागते ती ४५०. साडेतीन लाखांचा फरक, म्हणजे एका फरशीत जवळपास दीड टक्का. खिडक्या, वायरिंग, सॅनिटरी, वॉटरप्रूफिंग यांतही थोडं थोडं केलं की चार-पाच टक्के सहज सुटतात. बी-१ मध्ये आपण सगळ्या कामाला मिळून अंदाजपत्रकाच्या किती वर किंवा खाली (बिलो) ही एकच टक्केवारी भरतो, आणि स्पर्धा कधीकधी अर्ध्या टक्क्यावर ठरते. ज्याला आधीच ठाऊक आहे की टाइल बदलून मिळणार, तो पाच टक्के जास्त बिलो जातो आणि एल-१, म्हणजे सर्वात कमी दराचा, होतो. जो कागदावर लिहिलंय तेच लावायचं समजून दर काढतो, तो घरी बसतो. टेंडर उघडलं तेव्हा सगळं ऑनलाइन, पारदर्शक, डिजिटल सहीसकट. निकाल मात्र आधीच लागलेला.

समतुल्य म्हणजे कोणत्या गुणांत समान, हे लिहिलेलं नसतं, खरं दुखणं ते आहे. सळईचंच घ्या. एफई ५०० आणि एफई ५०० डी या सळईच्या दोन ग्रेड, दोन्हींची किमान यील्ड स्ट्रेंग्थ ५००. कोणी म्हणेल, ताकद सारखी, मग हरकत काय? पण आयएस १७८६ या भारतीय मानकाप्रमाणे तुटण्याआधी ताणलं जाण्याची किमान टक्केवारी साध्या ५०० ला १२ आणि डी ला १६. जमीन हलते तेव्हा इमारत न मोडता वाकली पाहिजे, आणि ते या चार टक्क्यांवर असतं. कोयनेच्या पट्ट्यात किंवा लातूर-धाराशिवकडे काम करणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. ताकदीत समान, लवचिकपणात कमी. मग ते समान धरायचं की नाही, हा निर्णय सळई साइटवर उतरल्यावर घ्यायचा नसतो.

नीट लिहिता येतं, लिहिलेलंही आहे. सीपीडब्ल्यूडीचा, म्हणजे केंद्राच्या बांधकाम खात्याचा, व्हिट्रिफाइड टाइलचा आयटम वाचा: पाणी शोषण ०.०८ टक्क्यांपेक्षा कमी, आयएस १५६२२ प्रमाणे. नाव काहीही असो, लॅबचा रिपोर्ट आणा, विषय संपला. याउलट काही टेंडरमध्ये दिव्याची लांबी ६१२ मिलिमीटर, खोली ४३ मिलिमीटर असं मागतात. ब्रँडचं नाव कुठेच नाही, पण कॅटलॉग कोणाचा ते शेंबडं पोरही सांगेल. असल्या वर्णनापेक्षा उघड ब्रँड लिहिलेला परवडला, निदान भांडता तरी येतं.

भांडायची जागा आहे, ती म्हणजे प्री-टेंडर मीटिंग. तिथे विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं सीएसडी (टेंडरमधल्या बदल-खुलाशांची सामायिक यादी) म्हणून सगळ्यांसाठी महाटेंडर्स या राज्याच्या पोर्टलवर चढतात आणि कराराचा भाग होतात. म्हणजे व्यवस्था तयार आहे, नवा कायदा नको. मी एका मीटिंगला लेखी विचारलं होतं, ॲल्युमिनियमच्या खिडकीला समतुल्य मेक द्यायचा तर सेक्शनची जाडी, वजन आणि कोटिंग यांपैकी काय काय जुळायला हवं? सीएसडीत उत्तर आलं: ‘टेंडरमधील अटीप्रमाणे’. टेंडरमध्ये अट काय होती? ‘अभियंत्याच्या मान्यतेने’. घ्या!

कॅलिफोर्नियात सार्वजनिक कामांसाठी पब्लिक काँट्रॅक्ट कोडचं कलम ३४०० आहे. ब्रँड लिहिलात तर ‘किंवा समान’ जोडायलाच हवं. जुन्या बसवलेल्या वस्तूशी जुळवायचं असेल किंवा एकाच ठिकाणी मिळत असेल असे मोजके अपवाद. आणि बदल मागणाऱ्याने पुरावा कधीपर्यंत द्यायचा ते टेंडरमध्ये लिहायचं, लिहिलं नाही तर काम मिळाल्यापासून ३५ दिवस. काम मिळाल्यानंतरची मुदत मला तिथेही पटत नाही. पण मुदत आहे आणि पुरावा बदल मागणाऱ्यानेच द्यायचाय, हे काय कमी आहे? आपल्याकडे एकाचा अर्ज तीन महिने टेबलावर पडतो आणि दुसऱ्याला साइटवरच तोंडी ‘लाव रे’ मिळतं.

काम चालू असताना कंपनी मॉडेलच बंद करते, असंही होतं. तेव्हा बदल द्यावाच लागतो, कोणी काम थांबवून बसू शकत नाही. त्यासाठी सीपीडब्ल्यूडीच्या करारात बदललेल्या आयटमचा चांगला हिशेब आहे: दोन वस्तूंच्या बाजारभावातला फरक करारातल्या दरातून वजा करायचा, किंवा महाग असेल तर मिळवायचा. करारात दर १२००, मूळ आयटम बाजारभावाने १४०० ला पडतो, बदललेला १०५० ला. फरक ३५०, तेव्हा बिलात ८५०. तोट्यातल्या दराने काम घेतलं असेल तर तो तोटा तसाच राहतो, वस्तू बदलून भरून निघत नाही. मला हे सगळ्यात न्याय्य वाटतं, आणि हे मी कंत्राटदार असून म्हणतोय. पळवाट एकच. बदल ‘समतुल्य’ म्हणून दाखवला की तो बदललेला आयटम ठरतच नाही. एमबीत (मोजमाप पुस्तकात) मूळ आयटमचीच नोंद, आरए (चालू) बिलात पूर्ण दर, आणि वरच्या फरशीतले साडेतीन लाख गुल.

म्हणून माझी मागणी साधी आहे. प्रत्येक मेकसमोर कोणते गुण जुळायला हवेत ते लिहा. समतुल्य सुचवायची शेवटची तारीख टेंडर भरायच्या आधीची ठेवा आणि मान्य झालेली नावं सीएसडीत टाका. त्यानंतर माल मिळत नाही एवढंच कारण चालेल, तेही कंपनीच्या पत्रासह, भावातला फरक कापून, आणि मंजुरीचं पत्र पोर्टलवर टाकून.

‘अधिकाऱ्यांचे हात बांधले जातील’ असं एक साहेब परवा मला म्हणाले. बांधले जाऊ द्या की. प्रामाणिक ज्युनियर इंजिनिअरला तेच हवं असतं, वरून फोन आला की दाखवायला कागद असतो.

आणि जे कंत्राटदार नाहीत त्यांच्यासाठी. गावातल्या शाळेत, दवाखान्यात फरशी उखडलेली दिसली तर नुसता फोटो टाकून थांबू नका. माहिती अधिकारात मेक लिस्ट, सीएसडी आणि मेक बदलाच्या मंजुरीचं पत्र, ही तीन कागदं मागा. २००५ च्या या कायद्यात कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचा प्रमाणित नमुना घेण्याचाही हक्क आहे, कलम २(जे) वाचा. अर्जाची फी दहा रुपये.