ग्रीसचा प्रश्न नुसत्या कर्जाचा नव्हता

ग्रीसच्या कर्जसंकटावरच्या एका लेखात म्हटलंय की ग्रीस सरकारी उधळपट्टीमुळे बुडाला. ते अर्धंच खरं आहे. कर्जाचा डोंगर इटलीवरही होता. ग्रीसवरचा विश्वास उडाला तो आकड्यांमुळे. २००९ ची सरकारी तूट (खर्च उत्पन्नापेक्षा जेवढा जास्त, ती रक्कम) देशाच्या जीडीपीच्या ३.७ टक्के राहील असं ग्रीक सरकारनं युरोपीय संघाला कळवलं होतं. ऑक्टोबरात नवे पंतप्रधान पापांद्रेऊ यांचं सरकार आलं आणि तोच आकडा १२ टक्क्यांच्या वर गेला, शेवटी १५ च्याही पुढे. बरं, ही पहिली वेळ नव्हती. युरो हे चलन स्वीकारण्याच्या सुमाराची तूट कमी दाखवली होती, हे २००४ मध्येच उघड झालं होतं. मग २०१० मध्ये ११० अब्ज युरोंचं कर्ज देताना युरो वापरणाऱ्या बाकीच्या सरकारांनी आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधीनं एवढ्या जाचक अटी का घातल्या, हप्त्याहप्त्याला तपासनीस का पाठवले, हे समजतं. झळ मात्र बसली पेन्शनवर जगणाऱ्यांना, ज्यांनी एकही आकडा फिरवला नव्हता.

सगळ्यात जास्त चीड येते ती पुढच्या प्रकाराची. हिशेब सरळ करणारे सांख्यिकी प्रमुख आंद्रेआस जॉर्जिऊ यांच्यावरच तूट फुगवल्याचा आरोप ठेवून वर्षानुवर्षं कोर्टकचेऱ्या चालवल्या. युरोस्टॅटनं, म्हणजे युरोपीय संघाच्या सांख्यिकी कार्यालयानं, त्यांचे आकडे मान्य केले होते, तरीही!