खीळ नसलेली चामखीळ

सगळा घोटाळा नावाने केलाय. चामात ठोकलेली खीळ म्हटलं की माणूस ती उपटायलाच जाणार! मग रात्री घरातला सगळ्यात प्रखर दिवा, नेलकटर आणि ओठ दाताखाली धरून उत्खनन. मी कितीही सांगितलं की चामखिळीला मूळ नसतं, तरी समोरचा आपल्या बोटाकडे संशयाने बघतच राहतो.

मूळ खरंच नसतं. एचपीव्ही नावाचा विषाणू त्वचेच्या वरच्या थराला भलतंच वाढायला लावतो, एवढंच. आतले काळे ठिपके म्हणजे बिया नव्हेत, रक्त गोठलेल्या केशवाहिन्या. त्या खणल्या की रक्त येतं, विषाणू शेजारच्या ओरखड्यात जाऊन बसतो आणि दोन-चार महिन्यांनी एकीच्या चार होतात. तोवर नेलकटरचा गुन्हा कुणाच्या लक्षातही नसतो. नखं कुरतडणाऱ्यांच्या तर नखांच्या कडेने रांगच लागते.

तळपायाला असली तर आधी ती कुरूप नाही ना, ते बघा. कुरूप सरळ दाबलं की दुखतं. चामखीळ दोन्ही बाजूंनी चिमटीत धरली की जास्त कळवळायला लावते. शिवाय त्वचेच्या बारीक रेषा चामखिळीला वळसा घालून जातात.

औषध म्हणाल तर १७ टक्के सॅलिसिलिक ॲसिडचं द्रावण. रोज रात्री जागा पाच-दहा मिनिटं कोमट पाण्यात भिजवायची, वरची पांढरी मेलेली कातडी कानशीने हलकेच घासायची, पुसून कोरडी करायची. भोवतीच्या चांगल्या कातडीला व्हॅसलिन. मग नेमका चामखिळीवर एक थेंब, आणि तो वाळला की पट्टी. भिजवणं आणि घासणं टाळलं तर औषध मेलेल्या कातडीवरच खर्ची पडतं. ती कानशी नखांना लावायची नाही, दुसऱ्या कुणाला द्यायची नाही. जागा लाल होऊन झोंबली तर दोन-तीन दिवस सुट्टी.

हे सगळं बारा आठवडे. इथेच माणसं गळतात. पहिल्या आठवड्यात गजर लावून औषध, तिसऱ्यात ‘आज दमलोय’, पाचव्यात बाटलीचं टोपण चिकटून बसलेलं. आणि वर म्हणायचं, औषधात दम नाही!

घाई असलेले गोठवून घ्यायला जातात. द्रवरूप नायट्रोजन उणे १९६ अंशांचा. काही सेकंदांचा फवारा, मग ठणका आणि फोड. एका फटक्यात काम होईल ही आशा इथेही फोल. दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने बऱ्याच खेपा होतात. चामखिळीवर डक्ट टेप, म्हणजे जाड चिकटपट्टी, लावून ठेवायचीही मधे हवा होती. २००२ साली एका चाचणीत ती चांगली ठरली, पुढच्या चाचण्यांत तिचा गोंद काही टिकला नाही.

लहान मुलांच्या बाबतीत मी नुसतं थांबण्याच्या बाजूचा. त्यांच्या बहुतेक चामखिळी दोन वर्षांत आपोआप जातात. मोठ्यांच्या मात्र रेंगाळतात. चेहरा आणि गुप्तांग इथे घरचं ॲसिड अजिबात नको. मधुमेह असेल किंवा पायाचा रक्तपुरवठा कमी असेल तर बाटली उघडण्याआधी डॉक्टर गाठा. रंग बदलणारी, आपोआप रक्त येणारी गाठ असेल तर ती चामखीळच आहे असं स्वतःच ठरवू नका.

थांबायचं कधी? त्वचेच्या रेषा पुन्हा त्या जागेवरून सरळ जायला लागल्या की. कानशी कचऱ्यात टाका. अंगठा पुढचे काही आठवडे तिथे चाचपत राहील, त्याला औषध नाही.