कान उघडे ठेवायचा खर्च

बिनतारी यंत्रात चैन असते ती बोलणाऱ्याची. हवं तेव्हा उठायचं, दोन शब्द टाकायचे आणि पुन्हा झोपायचं. मरण ऐकणाऱ्याचं. समोरचा कधी तोंड उघडेल याचा नेम नाही, म्हणून कान कायम टवकारलेले. माझ्या पदरात पडला तो हा ऐकणारा, म्हणजे रिसिव्हर.

अट साधी होती. सीआर २०३२ हा बटन सेल, ३ व्होल्टचा, साधारण २२५ मिलिअँप-तासांचा. त्यावर वर्ष काढायचं. वर्षाचे तास ८७६०. भागाकार केला, तर वाट्याला २५ मायक्रोअँप. (हजार मायक्रोअँपचा एक मिलिअँप.) आणि हे महाशय नुसते जागे राहायला १० मिलिअँप खाणार! एका दिवसात सेल गार. बरं, कानावर पडणार काय, तर पिकोवॉट. एका वॉटचे लाख कोटी भाग करा, त्यातला एक.

म्हणून आधी रेडिओवाल्या एडविन आर्मस्ट्राँगच्या १९२२ सालच्या सुपररिजनरेटिव्ह युक्तीला शरण गेलो. सर्किटला ऑसिलेशनच्या, म्हणजे आपणहून थरथरू लागण्याच्या, काठावर नेऊन उभं करायचं. सिग्नलचा नुसता वारा लागला की ते उसळतं. लगेच दाबायचं, पुन्हा काठावर न्यायचं, असं सेकंदाला हजारो वेळा. काम एका ट्रान्झिस्टरचं! खुशीत दोन रिसिव्हर शेजारी ठेवले. ट्रान्समीटर बंद, तरी दोघंही 'ऐकू आलं, ऐकू आलं' म्हणू लागले. ही जात ऐकता ऐकता स्वतःही पुटपुटते, हे मी विसरलो होतो. त्यांच्या आपसात गप्पा चालल्या होत्या.

मग गुमान क्रिस्टलवाली चिप घेतली. सेकंदातून फक्त २ मिलिसेकंद जागं व्हायचं. सरासरी २० मायक्रोअँप. (बोलणाऱ्याला आता सेकंदभर ओरडत बसावं लागतं. बसू दे.)

करंट मोजायला मल्टिमीटर मायक्रोअँपच्या रेंजवर लावला, तर चिप जागी झाली की रिसेट. मीटरच्या पोटातल्या १०० ओहमच्या रोधावरच एक व्होल्ट सांडत होता. माझ्या मोजण्यानेच ती मरत होती. रेंज बदलली. आकडा आला २ मिलिअँप! दोन दिवस डेटाशीट, म्हणजे चिपचं माहितीपत्रक, पालथी घातली, पिना तपासल्या, चिप बदलली.

खाणारा समोरच बसला होता. 'चालू आहे' हे सांगणारा लाल एलईडी. ऐकणाऱ्याच्या शंभरपट तो खात होता, आणि मी त्याच्याच उजेडात पिना तपासत होतो.

काढून टाकला. आता साहेब बोर्ड उलटसुलट करून विचारतात, "हे चालू आहे का हो?"

मी मीटर आणायला जातो.