तीन वर्षांच्या पोराने तेल कंपन्या ताब्यात घेतल्या म्हणे!

रविवारी जेवताना धाकट्या चुलतभावाने व्हॉट्सअॅपवर आलेला मेसेज काकूला मोठ्याने वाचून दाखवला. नायक कोण, तर मेक्सिकोचे अर्थतज्ज्ञ हेसुस सिल्वा हर्झोग. यांनी म्हणे 1938 मध्ये परकी तेल कंपन्या ताब्यात घेतल्या, 1982 मध्ये अर्थमंत्री म्हणून अमेरिकेला 'एक डॉलर देणार नाही' असे सुनावले. अमेरिका झुकली, मेक्सिको श्रीमंत झाला. अमेरिकेने चिडून त्यांना प्रवेशबंदी केली, जनतेने मात्र डोक्यावर घेतले. शेवटी ठळक अक्षरांत: कर्जाला घाबरू नका!

ही ओळ वाचताना त्याचा आवाज चढला. त्याच्या दुकानाच्या कर्जाचे तीन हप्ते थकलेत, म्हणून मला हे लिहावे लागतेय.

आधी 1938. 1982 चे अर्थमंत्री जन्मले 8 मे 1935 रोजी. राष्ट्राध्यक्ष लाझारो कार्देनास यांनी तेल कंपन्या ताब्यात घेतल्या 18 मार्च 1938 रोजी. म्हणजे आपल्या नायकाला तिसरे वर्षही पुरे नव्हते! तेलाच्या प्रकरणात होते ते त्यांचे वडील. नाव तेच, तेही अर्थतज्ज्ञ, तेही मुत्सद्दी. तेल उद्योगाची तपासणी करणाऱ्या तज्ज्ञ समितीत त्यांनी काम केले. मेसेजवाल्याने बापलेकांचा एकच माणूस करून टाकला. बरे, त्या तेलाचेही पैसे बुडवले नाहीत. भरपाईला हातभार म्हणून मेक्सिको सिटीत बायका अंगठ्या, दागिने, अगदी कोंबड्यासुद्धा घेऊन रांगेत उभ्या राहिल्या होत्या. हे मेसेजमध्ये कसे येईल?

आता 1982, कारण खरा घात तिथे आहे. अमेरिकेच्या बँक ठेवींचा विमा उतरवणाऱ्या एफडीआयसी या सरकारी संस्थेने ऐंशीच्या दशकातल्या बँक संकटांचा जाडजूड इतिहास छापला आहे. त्यात स्वच्छ लिहिलेय: 12 ऑगस्टला मेक्सिकोच्या अर्थमंत्र्यांनी अमेरिकेचे अर्थमंत्री, तिथली मध्यवर्ती बँक फेडरल रिझर्व्हचे अध्यक्ष आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे प्रमुख यांना कळवले की 16 तारखेचे देणे आम्हाला जमणार नाही. डोक्यावर कर्ज 8,000 कोटी डॉलरचे. 'देणार नाही' आणि 'देता येत नाही' यातला फरक मराठी माणसाला समजावून सांगायला हवा का? मेक्सिकोत म्हणच आहे: देणे लागतो, नाकारत नाही, द्यायला मात्र नाही.

दुसऱ्याच दिवशी, शुक्रवारी, ते वॉशिंग्टनला हजर. अमेरिकेने आपल्या राखीव साठ्यासाठी तेलाचे 100 कोटी डॉलर आगाऊ दिले, पण त्यावर पाच कोटी डॉलरचे शुल्क कापून घेतले. याला झुकणे म्हणतात का? 20 ऑगस्टला न्यूयॉर्कमध्ये बँकवाल्यांसमोर त्यांनी मागितले काय, तर मुद्दलासाठी 90 दिवसांची मुदत. व्याज चालूच राहणार होते.

एक मात्र कबूल करतो. अमेरिका घाबरली होती. त्याच इतिहासात आहे की तिथल्या नऊ सर्वात मोठ्या बँकांनी लॅटिन अमेरिकेला दिलेली कर्जे त्यांच्या भांडवलाच्या 176 टक्के होती. मेक्सिको बुडाला असता तर त्याही बुडाल्या असत्या, म्हणून धावपळ झाली. आमच्या भावाचे कर्ज दोन लाखांचे आहे. त्याने हप्ता बुडवला तर बँकेचे कुणी विमानाने येणार नाही. वसुलीवाला येईल, तोही काकांकडे, कारण जामीनदार काका आहेत.

श्रीमंती? त्या वर्षी मेक्सिकोत महागाई शंभर टक्क्यांच्या जवळ गेली, पुढच्या वर्षी अर्थव्यवस्था आक्रसली, पगाराची किंमत उतरली. तिथे त्या दशकाला 'हरवलेले दशक' म्हणतात.

प्रवेशबंदी? 1995 ते 1997 ते अमेरिकेत मेक्सिकोचे राजदूत होते. आणि डोक्यावर घेण्याचे म्हणाल, तर जून 1986 मध्ये अर्थमंत्रीपद गेले आणि 2000 मध्ये मेक्सिको सिटीच्या प्रमुखपदासाठी उभे राहिले तेव्हा तिसऱ्या क्रमांकावर फेकले गेले. माणूस हुशार होता, यात वाद नाही. देणे थकण्याच्या चार दिवस आधी सावकाराला स्वतः कळवायला हिंमत लागते.

भावाला म्हटलेय, सोमवारी शाखेत चल, हप्ते लांबवून मिळतात का विचारू. 'बघू' म्हणाला. मेसेज अजून त्याच्या स्टेटसला आहे.